अठरा दिवसांचा गॅस

युनियनच्या दिवाळी अंकासाठी लेख मागायला दोघे जण क्वालिटीच्या केबिनमध्ये आले, तेव्हा त्यांच्याकडे विषय तयारच होता. 'घर आणि नोकरी : तारेवरची कसरत'. मी वायरिंग हार्नेसच्या कंपनीत आहे म्हणून तारेवरची, हा विनोद त्यांचा त्यांनाच फार आवडलेला दिसला. "नक्की काय हवंय?" मी विचारलं. "मॅडम, काहीतरी प्रेरणादायी. नवीन मुलींना हुरूप येईल असं."

हुरूप मी गेल्या एकोणीस वर्षांत कुणाला दिलेला नाही. माझं काम माल नापास करण्याचं आहे. चाकणच्या आमच्या शेडमध्ये माझ्या नावानं बोटं मोडत नसेल अशी लाईन सापडायची नाही, आणि याचा मला थोडा अभिमानही आहे. तेव्हा प्रेरणा ज्यांना हवी त्यांनी पुढचं पान उलटावं.

ज्यांनी हार्नेस पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गाडीच्या पत्र्याआडून दिवे, हॉर्न, वायपर अशा सगळ्यांना जोडणारी तारांची एक जाडजूड जुडी फिरते. आमच्याकडे बायका ती हातानं बांधतात. शेवटी ती टेस्ट बोर्डावर चढवतात, आणि सगळ्या जोडण्या लागल्या की हिरवा दिवा लागतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, हिरवा लागला म्हणजे संपलं. हिरव्याचा अर्थ एवढाच की त्या क्षणी तार जोडलेली होती. टोकाशी दाबलेला तुकडा किंचित सैल असेल, तर बोर्डावर सरळ पडल्यावर दिवा लागतो आणि गाडीत तार वाकली की जातो. असा एक हार्नेस ग्राहकाकडून परत आला होता. बोर्डावर सहा वेळा पास झाला. तेव्हाचे मॅनेजर म्हणाले, "त्यांचीच चूक आहे, तसं लिहून टाका." मी तो दोन दिवस हातात घेऊन वाकवत बसले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा गेला. मॅनेजर म्हणाले, एका तारेपायी दोन दिवस घालवलेत.

एवढी मी शहाणी बाई. आता माझ्या घरात काय झालं ते सांगते.

माझं सासर पुनावळ्यातलं, तिथल्या जुन्या घरांपैकी. मी लातूरकडची, आयटीआय करून चाकणला आले आणि इथलीच झाले. नवरा नितीन तळेगावच्या एका गोदामात टेम्पो चालवतो. सासूबाईंना मी आत्या म्हणते. लग्नानंतर नऊ वर्षांनी ओवी झाली. जन्मल्यावर दोन दिवस ती दूधच ओढत नव्हती, नुसती झोपून असायची. मी दोनदा सांगितलं. इस्पितळातल्या सिस्टरबाई म्हणाल्या, "शांत बाळ आहे हो तुमचं. नशीबवान आहात." तिसऱ्या दिवशी तिचं अंग गार पडलं तेव्हा धावपळ झाली. रक्तातली साखर फार खाली गेलेली निघाली, तिला काचेच्या पेटीत ठेवलं, सलाईन लावलं आणि पाच दिवसांनी घरी सोडलं. कागदावर 'प्रकृती उत्तम' असा शिक्का होता. शिक्क्याची किंमत मला माहीत असायला हवी होती. दिवसाला शंभर शिक्के मी स्वतः मारते.

ओवी पाच महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. पहिली पाळी असली की पावणेसहाची बस, म्हणजे ती उठायच्या आत मी घराबाहेर. दिवसभर ती आत्यांकडे असायची. कामावर जायला लागून आठवडा झाला असेल, संध्याकाळी मी चपला काढत होते आणि आत्या दारातच म्हणाल्या,

"वैशाली, पोरगी मान टाकती."

"म्हणजे?"

"झोपंतनं उठली की मान खाली टाकती आन हात फेकती. सात-आठ येळा. मंग रडती."

"दचकत असेल, आत्या. लहान मुलं दचकतातच."

"दचकाया आवाज लागतो. आवाज कुटं झाला?"

मी हसले आणि हातपाय धुवायला गेले. आत्या शाळेत गेलेल्या नाहीत, आयुष्य म्हशींच्या गोठ्यात गेलेलं. मी आयटीआय केलेली, भिंतीवर सहा कंपन्यांच्या प्रशिक्षणाची सर्टिफिकेटं. कारण तपासल्याशिवाय दोषाला नाव देऊ नका, असं मी मुलींना दर सोमवारी सांगते. ते वाक्य सासूनं सरळ माझ्यासमोर ठेवलं होतं आणि मी साबण लावत होते. त्या संध्याकाळपासून मी दिवस मोजते. तो पहिला.

चौथ्या दिवशी आत्यांनी फारच लावून धरल्यावर आम्ही हायवेजवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांचा तिथे मोठा बोलबाला आहे, बाहेर चपलांचा ढीग असतो. त्यांनी ओवीचं पोट दोन बोटांनी दाबलं, कानात बघितलं आणि म्हणाले, "गॅस."

आत्या म्हणाल्या, "डागदर, सकाळी उठल्यावर आन दुपारी उठल्यावर, टायमात येतो व्हय गॅस?"

डॉक्टर त्यांच्याशी बोललेच नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "आजींना सांगा, हल्लीच्या बाळांना असतं. थेंब देतो."

थेंब बडीशेपेच्या वासाचे होते. ते आम्ही मनोभावे पाजले. शेजारणीनं दृष्ट काढायला सांगितलं, तेही केलं. माझा दीर सचिन गावात जिम चालवतो आणि मोबाइलवर दिसेल ते सगळं त्याला कळतं. तो म्हणाला, "वहिनी, दात येतायत, सिम्पल आहे." गॅस, दृष्ट, दात. ज्याला विचारावं त्याच्याकडे उत्तर तयार होतं, आणि एकानंही ओवीला झोपेतून उठताना पाहिलेलं नव्हतं. पाहिलेलं होतं ते एकट्या आत्यांनी, आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं.

तेवढ्यात ओवी हसायची थांबली. हे मी नीट सांगते, कारण इतर आयांना यातलं हेच आधी कळेल. नितीन घरी आला की टेम्पोच्या चाव्या तिच्यापुढे वाजवायचा आणि ती पोट हलेपर्यंत हसायची. त्या आठवड्यात तो चाव्या वाजवत राहिला आणि ती त्याच्या पलीकडच्या भिंतीकडे पाहत राहिली. नितीन म्हणाला, "आज मूड नाही वाटतं बाईसाहेबांचा." दुसऱ्या दिवशीही नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यानं चाव्या खिळ्याला अडकवल्या.

बाराव्या दिवशी मला साप्ताहिक सुट्टी होती. ओवी दुपारची झोपून उठली आणि मी पहिल्यांदा सगळं समोर बसून पाहिलं. डोळे उघडले, मान छातीकडे खाली गेली, दोन्ही हात बाजूला फेकले गेले, कुणाला मिठी मारायला उघडावेत तसे. क्षणभर ताठ, मग सैल. सात-आठ सेकंद काहीच नाही. मग पुन्हा तसंच. मी मोबाइलवर घड्याळ लावलं. चौदा वेळा झालं, मधलं अंतर जवळपास सारखं, आणि संपल्यावर ती अशी रडली की तिला स्वतःलाच काहीतरी भयंकर वाटलं असावं. आत्या शेजारी बसल्या होत्या. "सांगत न्हवते?" असं त्या म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ओवीला उचलून मांडीवर घेतलं.

त्या दिवसापासून मी तक्ता ठेवला. कंपनीतल्या तपासणीच्या कागदासारखाच, कारण मला दुसरा येत नाही. वेळ, झोपेनंतर की दुधानंतर, किती झटके, किती सेकंदांनी, नंतर रडली का, नजर दिली का. मी कामावर असताना आत्या तांदळाचे दाणे वाटीत टाकून मोजायच्या. संध्याकाळी वाट्या माझ्यापुढे ठेवायच्या, "ही सकाळची, ही दुपारची." आमच्या लाईनीवर एवढी चोख नोंद मी फार कमी वेळा पाहिली आहे.

चार दिवसांचा तक्ता आणि मोबाइलवर काढलेला व्हिडिओ घेऊन मी पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेले. दुसरीकडे का गेले नाही, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. त्यांनी तक्ता लांब धरून पाहिला आणि हसले.

"मॅडम, बाळ आहे हे. पार्ट नाही."

"व्हिडिओ तरी बघा."

"व्हिडिओवरून निदान करत नसतात. तुम्ही कंपनीतल्या बायका फार टेन्शन घेता. तेच दुधातून बाळाला जातं."

कॅल्शियमची बाटली घेऊन मी बाहेर आले. तेव्हाच अकरा वर्षं लोकांचा माल नापास करत आलेली बाई, आणि त्या माणसाच्या तोंडावर एक शब्द बोलले नाही. उलट 'थँक यू डॉक्टर' म्हणाले. याची मला जेवढी चीड येते तेवढी त्याच्या गॅसचीही येत नाही.

आमच्या प्लँटच्या प्रथमोपचार खोलीत सुमनताई नावाच्या सिस्टर आहेत, रत्नागिरीकडच्या, आकुर्डीला राहतात. कापलेली बोटं आणि चक्कर आलेल्या मुली यातच त्यांची नोकरी गेली. पूर्वी एका मोठ्या इस्पितळात मुलांच्या वॉर्डात होत्या. अठराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला, मोबाइल परत दिला आणि म्हणाल्या,

"मुलांच्या मेंदूचा डॉक्टर वेगळा असतो. त्याच्याकडे जायचं. आज."

"पाळी संपल्यावर जाते."

"बसलीस काय गो? मी आज म्हटलं."

गेटपास मागायला एचआरकडे गेले तर तिथला माणूस म्हणाला, "उद्या ऑडिट आहे, मॅडम. बाळाला कुणी दुसरं नाही का नेणारं?" मी त्याच्या टेबलावरचं पेन घेतलं, पास स्वतः भरला आणि त्याच्यापुढे सहीसाठी धरला. सही झाली.

घरून ओवीला आणि आत्यांना घेऊन मी चिंचवडला मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. त्या डॉक्टरबाई वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला, आवाज बंद करून. मग तक्ता मागितला.

"हा कुणी भरला?"

"मी. दिवसाचं मोजमाप सासूबाईंचं."

त्यांनी आत्यांकडे खुर्ची वळवली आणि पंधरा मिनिटं त्यांनाच प्रश्न विचारले. पहिल्यांदा कधी पाहिलं, मान आधी जाते की हात, नजर कधीपासून देत नाही. आत्या उत्तरं देत गेल्या. शेवटी डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "म्हणजे अठरा दिवस झाले?" मी हो म्हटलं. त्यांनी आकडा लिहिला. रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. "दिसायला हे किरकोळ दिसतं, म्हणून लोक सोडून देतात. पण हे झटके आहेत आणि यात रोजचा दिवस महत्त्वाचा असतो," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंदूचा आलेख काढला. ओवीच्या डोक्याला पेस्ट लावून रंगीत तारा चिकटवल्या आणि त्यांची जुडी एका खोक्यात खोचली. जन्मभर तारा बघितलेली मी, पण माझ्याच्यानं तिकडे बघवेना. निरोगी बाळाच्या लहरींना एक चाल असते. ओवीच्या लहरी कुठेही उंच, कुठेही खोल, एकीचा दुसरीशी मेळ नाही. या आजाराला इन्फंटाइल स्पॅझम्स म्हणतात. पुढे एमआरआयच्या फोटोत मेंदूच्या मागच्या भागावर जुनी इजा दिसली. जन्मानंतरच्या त्या दिवसांत साखर खाली गेली होती, त्याची. शांत बाळ. नशीबवान आहात.

उपचार हार्मोनचा होता. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते, ती एक हार्मोन सोडते, आणि ते मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना स्टिरॉइड तयार करायला सांगतं. तेच हार्मोन बाहेरून, रोज मांडीत इंजेक्शननं द्यायचं. काही मुलांचे झटके त्यानं थांबतात. काहींचे थांबत नाहीत, मग दुसरं औषध. त्रास काय होईल तेही त्यांनी लपवलं नाही. तोंड सुजेल, भूक आवरणार नाही, चिडेल, रक्तदाब चढेल, कसलाही संसर्ग पटकन होईल, म्हणून गर्दीत न्यायचं नाही आणि काही लसी पुढे ढकलायच्या.

"एवढं होऊनही द्यायचं?" नितीननं विचारलं.

"द्यायचं. झटके चालू राहिले तर जे जाईल ते परत येत नाही."

घरी आल्यावर सगळ्यांची तज्ज्ञता जागी झाली. गॅसच्या वेळी गप्प बसलेले नातेवाईक हार्मोन म्हटल्यावर फोन करू लागले. मुलीच्या जातीला हार्मोन? पुढे तिला दाढी येईल का, असं एकीनं विचारलं. सचिन तर घरातच होता. "वहिनी, स्टिरॉइड म्हणजे खेळ नाही. माझ्या जिममध्ये पोरांची लिव्हर गेली त्यानं." ती पोरं ते स्टिरॉइड कुठून घेतात, हे मी त्याला विचारलं. त्यानंतर त्यानं माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं, आणि ते दोन दिवस घरात शांततेत गेले.

औषध फ्रीजमध्येच राहायला हवं, ही त्याची पहिली अट. नितीन बर्फाचा डबा घेऊन पिंपरीतल्या मोठ्या मेडिकलमध्ये गेला, सोबत मी होते. दुकानदारानं बाटली काउंटरच्या ड्रॉवरमधून काढून दिली. मी हातात घेतली, ती कोमट होती.

"ही परत घ्या."

"अहो मॅडम, फोन केला होतात म्हणून आधीच काढून ठेवली. अर्ध्या तासानं काही होत नाही."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? वीस वर्षं दुकान चालवतोय."

"मग वीस वर्षं कोमटच देताय. फ्रीजमधली काढा, मी इथे उभी आहे."

त्यानं कुरकुरत दुसरी काढली. मी तारीख वाचली, बूच पाहिलं, बर्फात ठेवली. नितीन बाहेर आल्यावर म्हणाला, "कंपनीत पण अशीच बोलतेस?" मी म्हटलं, "जरा वाईट."

पण टोचणार कोण? गावातल्या दोन दवाखान्यांनी एवढ्या लहान बाळाला रोज इंजेक्शन द्यायला नकार दिला. शेवटी डॉक्टरबाईंच्या परवानगीनं सुमनताईंनी मलाच शिकवायचं ठरवलं. हार्नेस बांधताना खाली घालतो त्या फोमच्या तुकड्यावर, रिकाम्या सुईनं, सलग चार दिवस. तोवर त्या स्वतः आकुर्डीहून रिक्षानं पुनावळ्याला येऊन ओवीला टोचत होत्या. औषध मधासारखं दाट. थंड असलं की सुईतून उतरत नाही, म्हणून टोचण्याआधी थोडा वेळ तळहातात धरायचं. "हात थरथरला तर चालेल," त्या म्हणाल्या, "पण मधेच थांबायचं नाही. तू थांबलीस की तिला दुप्पट दुखतं."

पाचव्या दिवशी मी पहिल्यांदा टोचलं. नितीननं पाय धरला आणि तोंड भिंतीकडे केलं. ओवीनं माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी तिनं कुणाकडे तरी थेट बघितलं होतं आणि त्याच वेळी माझ्या हातात सुई होती. मी थांबले नाही.

पुढचे दिवस वाईट होते. ती रडायची, दूध प्यायची, पुन्हा रडायची. तक्त्यात आकडे मात्र उतरू लागले. चौदाचे नऊ, नवाचे चार. औषधाच्या नवव्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आत्या उंबऱ्यापाशी बसल्या होत्या. पुढे दोन वाट्या, दोन्ही रिकाम्या.

"मोजायचं राहिलं?" मी विचारलं.

"न्हाई. बसलेच हुते. झटका आलाच न्हाई एकबी."

मी त्यांच्या शेजारी तशीच बसले. 

पुढच्या आठवड्यात पुन्हा आलेख काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, बराच सुधारलाय. औषध एकदम बंद करायचं नसतं, हळूहळू उतरवत आणायचं, म्हणून टोचणं चालू राहिलं. आणि तोवर ओवीचा चेहरा सुजून गोल गरगरीत झाला. गाल खाली लोंबू लागले, डोळे आत गेले, गळा दिसेना. आणि काय सांगू, सगळं पुनावळं खूष झालं. ज्या पोरीकडे ती बारीक असताना कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तिला खिडकीतून बघून बायका थांबायच्या. "काय गुटगुटीत झाली हो. काय देता?" मी सांगायचे, औषधाची सूज आहे. त्या म्हणायच्या, नजर लागू नये म्हणून असं सांगत असेल.

गणपतीचे दिवस होते. सचिनच्या मंडळानं 'सुदृढ बालक स्पर्धा' ठेवली होती. मी आधीच सांगितलं होतं, ओवी गर्दीत जाणार नाही. सचिननं मला न विचारता तिचा फोटो पाठवून दिला आणि तिचा पहिला नंबर आला. बक्षीस द्यायला मंडळाची माणसं घरी आली. सोबत स्पर्धेचे परीक्षक होते. परीक्षक म्हणजे हायवेजवळचे आमचे गॅसवाले डॉक्टर.

मी सगळ्यांना दाराबाहेरच थांबवलं. डॉक्टरांनी आत्यांच्या कडेवरच्या ओवीकडे लांबूनच पाहिलं आणि कौतुकानं मान हलवली.

"बघा मॅडम, तुम्ही उगाच घाबरला होतात. गॅस गेला आणि बाळसं धरलं की नाही?"

मी आत गेले आणि फाइल आणली. आलेखाचा अहवाल वर ठेवला, त्याखाली मेंदूचा फोटो, त्याखाली औषधाचा कागद, आणि सगळ्यात खाली तो तक्ता, जो त्यांनी लांब धरून पाहिला होता. फाइल त्यांच्या हातात दिली. ते वाचत गेले. मंडळाची पोरं मोबाइल उभे धरून फोटोसाठी थांबली होती.

"हं," ते शेवटी म्हणाले. "हे तसं फार क्वचित दिसतं. पटकन लक्षात येत नाही कुणाच्या."

"आमच्या सासूबाईंच्या आलं होतं," मी म्हटलं. "चौथ्या दिवशी तुमच्यासमोर बोलल्या होत्या."

डॉक्टर काहीतरी म्हणणार होते, पण आत्याच पुढे झाल्या. आवाज चढवला नाही.

"डागदर, ही सूज हाय, बाळसं न्हाई. बाळसं कसं असतं ते तुमाला ठावं न्हाई, मंग नंबर कसं देता?"

त्यांनी सचिनकडे पाहिलं. "जा, ते बक्षीस घिऊन जा. फोटू काडू नगंस." पोरांनी मोबाइल खाली केले. डॉक्टरांनी फाइल माझ्या हातात दिली आणि पायऱ्या उतरताना कुणाला तरी फोन लावला. त्यांचा दवाखाना आजही जोरात चालतो. चपलांचा ढीग वाढलाय.

ओवी आता आठ वर्षांची आहे. झटके परत आले नाहीत. अडीच वर्षांची झाल्यावर चालली, चार वर्षांची होईतो दोन शब्दांपुढे गेली नाही. आता बोलते, सावकाश, एकेक शब्द निवडून. नजर एका बाजूला कमी आहे. बेरजा येतात, हातचा आला की अडते. शाळेच्या बाई म्हणतात, मागे पडते. मी त्यांना विचारते, कुणाच्या? आधीच दाखवलं असतं तर किती फरक पडला असता, हे डॉक्टरबाई सांगत नाहीत. मी दोनदा विचारलं. म्हणाल्या, मूळ इजा होतीच, पडला असता की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. त्या खरं बोलणाऱ्या आहेत, म्हणून तिसऱ्यांदा विचारलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या चार नंबर लाईनवर काजल नावाची मुलगी आली. परभणीची, तळेगावहून कंपनीच्या बसनं येते. हात चांगला, पण एका आठवड्यात तिच्याकडून सारखी चुकीच्या खाचेत तार जात होती. मी झापायला गेले तर तिचे डोळे सुजलेले. जेवणाच्या सुट्टीत मोबाइल पुढे करून म्हणाली, "मॅडम, लेकरू असं करतंय. डॉक्टर म्हणाले, काय नाय, होतं असं." व्हिडिओ पाऊण मिनिटाचा होता. मला तिसऱ्या सेकंदाला कळलं.

"कधीपासून?"

"परवापासून."

मी सुपरवायझरला सांगितलं, हिला आत्ता सोडा. तो म्हणाला, चार नंबरची लाईन थांबेल. मी म्हटलं, थांबू दे, माझ्या नावावर लिही. एचआरमध्ये आता दुसरा माणूस आहे, पण प्रश्न तोच होता, दुसरं कुणी नेणारं नाही का? पास मी भरला. सुमनताई निवृत्त झाल्यात. फोन केल्यावर म्हणाल्या, "मला कशाला विचारतेस गो? तुला कळतंय ना? मग ने." नितीनचा टेम्पो मोकळाच होता. त्याच संध्याकाळी बाळ डॉक्टरबाईंच्या समोर होतं, दोन दिवसांत औषध सुरू झालं.

या वर्षी गुढीपाडव्याच्या आसपास काजल पेढे घेऊन आली. मुलगा चालायला लागला होता. वर्ष व्हायला चार दिवस कमी. डॉक्टरबाई म्हणाल्यात, सगळं वेळेवर आहे. काजल माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला धरून उभं केलं आणि चांगलं चांगलं बोलले. ती गेल्यावर केबिनचं दार लावून घेतलं. मला आनंद झाला होता, पण त्याच्याबरोबर दुसरं जे काही झालं होतं ते सांगायची मला लाज वाटते. त्या बाळाची आई मला बघवत नव्हती.

पेढे घरी आणले. ओवी ओट्याजवळ उभी होती. तिनं पुडा हुंगला.

"कुणाचे?"

"एका बाळाच्या आईनं दिले. बाळ आजारी होतं."

"बरं झालं?"

"झालं. अगदी बरं झालं."

तिनं एक पेढा उचलला, नीट दोन भाग केले, एक आत्यांना नेऊन दिला, दुसरा तोंडात टाकला. खाऊन झाल्यावर माझ्याकडे पाहिलं आणि एकेक शब्द निवडत म्हणाली,

"मग, अजून, एक, दे."

मी दिला. दोन दिले.